मार्गो हेमिंग्वे

मार्गो लुईस हेमिंग्वे (जन्म : १६ फेब्रुवारी १९५४, पोर्टलंड, ओरेगन, मृत्यू : १ जुलै १९९६, सँटा मोनिका, कॅलिफोर्निया) या अमेरिकन फॅशन मॉडेल व चित्रपट अभिनेत्री होत्या. नोबेल पारितोषिक विजेते कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या त्या नात. एका सुगंधी द्रव्याच्या प्रसिद्धीसाठी १९७५ साली त्यांच्याशी झालेला दहा लाख डॉलरचा करार हा फॅशन मॉडेलशी झालेला त्या रकमेचा पहिला करार मानला जातो. पुढच्याच वर्षी ‘लिपस्टिक’ या चित्रपटातून त्यांनी अभिनयात पदार्पण केले. बलात्कार, त्यावरील खटला, आरोपीची निर्दोष मुक्तता आणि पीडितेने स्वतः घेतलेला सूड असे या चित्रपटाचे कथानक आहे. लैंगिक अत्याचाराच्या चित्रणावरून त्यावर तीव्र टीका झाली आणि मार्गो यांच्या अभिनय-कारकिर्दीला त्याचा कायमचा फटका बसला. बी. आर. चोप्रा यांचा ‘इन्साफ का तराजू’ (१९८०) हा हिंदी चित्रपट याच कथानकावर आधारित असल्याने भारतीय प्रेक्षकांना ‘लिपस्टिक’ची गोष्ट मार्गो यांच्या नावापेक्षा अधिक परिचित आहे.

जन्म व कौटुंबिक पार्श्वभूमी

मार्गो या जॅक हेमिंग्वे आणि बायरा लुईस ऊर्फ पक यांच्या तीन मुलींपैकी मधली मुलगी. थोरली जोन आणि धाकटी मॅरिएल. जॅक हे अर्नेस्ट हेमिंग्वे व त्यांच्या पहिल्या पत्नी हॅडली रिचर्डसन यांचे पुत्र. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या गुप्तचर सेवेत काम केले होते. पुढे मासेमारीचे जाणकार आणि निसर्गसंवर्धक म्हणून ते ओळखले गेले. मुलींचे बालपण मुख्यतः आयडाहो राज्यातील केचम या डोंगराळ गावी गेले. सन व्हॅली हे बर्फावरील खेळांसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण या गावाला लागूनच आहे. घसरखेळ, पोहणे, घोडेस्वारी, मासेमारी यांत मार्गो लहानपणापासून रमत. जवळजवळ सहा फूट उंची आणि कणखर बांधा हे पुढे त्यांच्या सौंदर्याचे वैशिष्ट्य ठरले.

त्यांच्या नावाचे मूळ स्पेलिंग वेगळे होते. आपल्या गर्भधारणेच्या रात्री आईवडिलांनी ‘शातो मार्गो’ ही फ्रेंच द्राक्षमदिरा घेतली होती, असे समजल्यावर त्यांनी आपल्या नावाचे स्पेलिंग त्या मदिरेप्रमाणे करून घेतले. हा किस्सा त्यांच्या प्रसिद्धीच्या काळात वारंवार छापला गेला.

हेमिंग्वे हे आडनाव मानाचे होते, तसेच ओझ्याचेही होते. अर्नेस्ट यांचे वडील क्लॅरेन्स यांनी १९२८ साली आत्महत्या केली होती. २ जुलै १९६१ रोजी स्वतः अर्नेस्ट यांनी केचम येथील घरी जीवन संपविले. त्या वेळी मार्गो सात वर्षांच्या होत्या. अर्नेस्ट यांची बहीण अर्सुला आणि भाऊ लेस्टर यांचाही शेवट पुढे तसाच झाला. घरात मद्यपानाचे प्रमाण मोठे होते आणि आईवडिलांचे संबंध तणावाचे होते. मार्गो यांना अपस्माराचा विकार होता. वाचनात अडथळा आणणारा डिस्लेक्सिया हा दोषही त्यांना होता. विसाव्या शतकातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखकांपैकी एकाच्या नातीला अक्षरे लावून वाचणे कष्टाचे जात असे, ही बाब त्यांच्या जीवनाविषयी लिहिणाऱ्यांनी आवर्जून नोंदविली आहे. शालेय शिक्षणात त्यांचे मन रमले नाही.

मॉडेलिंग

विशीच्या उंबरठ्यावर असताना त्या न्यूयॉर्कला आल्या. वेट्सन्स या हॅम्बर्गर उपाहारगृहांच्या साखळीशी संबंधित कुटुंबातील एरॉल वेट्सन यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९७५ साली दोघांचा विवाह झाला. याच काळात फॅशनविषयक नियतकालिकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. फाबेर्जे या कंपनीने आपल्या ‘बेब’ या नव्या सुगंधी द्रव्यासाठी त्यांची निवड केली आणि दहा लाख डॉलरचा करार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने १६ जून १९७५ च्या अंकात सौंदर्याच्या नव्या कल्पनांवर मुखपृष्ठकथा प्रसिद्ध केली. तिच्या मुखपृष्ठावर मार्गो यांचे छायाचित्र होते. ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावरही त्या त्याच वर्षी झळकल्या.

त्या काळात छायाचित्रित मॉडेलला सामान्यतः दिवसाच्या कामाप्रमाणे मोबदला मिळत असे. एखाद्या कंपनीने एकाच चेहऱ्याशी मोठ्या रकमेचा दीर्घ करार करावा, ही पद्धत तेव्हा नुकतीच रुळू लागली होती. मार्गो यांच्या कराराने या व्यवसायातील आर्थिक अपेक्षा बदलल्या. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. चेहरा, केस, वजन, हास्य, सार्वजनिक ठिकाणचे वागणे या सर्व गोष्टी आता एका मालाच्या विक्रीशी जोडल्या गेल्या. वयाच्या एकविसाव्या वर्षी, कोणतीही पूर्वतयारी नसताना, त्या देशभर ओळखल्या जाऊ लागल्या. न्यूयॉर्कमधील ‘स्टुडिओ ५४’ या प्रसिद्ध नृत्यगृहात १९७७ नंतर नियमित येणाऱ्या नामवंतांमध्ये त्यांचा समावेश होता. मद्यपानाची सवय याच वर्षांत जडली.

‘लिपस्टिक’

निर्मिती

इटालियन निर्माते दिनो दे लॉरेंटिस यांनी अमेरिकेत आल्यावर ‘डेथ विश’ (१९७४) या चित्रपटाची निर्मिती केली होती. कुटुंबावर झालेल्या अत्याचाराचा सूड एक सामान्य नागरिक हाती पिस्तूल घेऊन घेतो, हे त्याचे सूत्र. त्याला मोठे यश मिळाले. ‘लिपस्टिक’मध्ये हेच सूत्र स्त्रीच्या हाती देण्यात आले. पटकथा डेव्हिड रेफिएल यांनी लिहिली, दिग्दर्शन लमाँट जॉन्सन यांनी केले आणि संगीत फ्रेंच संगीतकार मिशेल पोल्नारेफ यांनी दिले. सरकारी वकिलाच्या भूमिकेत ऑस्कर विजेत्या अ‍ॅन बँक्रॉफ्ट, तर आरोपीच्या भूमिकेत ख्रिस सरँडन होते. नायिकेच्या धाकट्या बहिणीची भूमिका मार्गो यांच्या सूचनेवरून त्यांची खरी धाकटी बहीण मॅरिएल यांना देण्यात आली. चित्रपट एप्रिल १९७६ मध्ये प्रदर्शित झाला.

कथानक

क्रिस मॅककॉर्मिक ही लॉस एंजेलिसमधील यशस्वी मॉडेल. लिपस्टिकच्या जाहिरातींतून तिचा चेहरा सर्वत्र पोहोचलेला आहे. तिची शाळकरी बहीण कॅथी आपले संगीत शिक्षक गॉर्डन स्ट्युअर्ट यांची तिच्याशी ओळख करून देते. आपल्या रचना ऐकविण्यासाठी गॉर्डन क्रिसच्या घरी येतो. तिचे लक्ष नाही, असे पाहून तो संतापतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. क्रिस तक्रार नोंदविते. प्रसिद्धी, व्यवसायाची हानी आणि न्यायालयातील मानहानी यांची कल्पना असूनही ती साक्षीला उभी राहते.

खटल्यात बचाव पक्षाचा वकील तिच्या जाहिरातींतील छायाचित्रांचा आधार घेतो. असे चित्र देणाऱ्या स्त्रीने पुरुषाला आवाहन केले नसेल कशावरून, असा त्याच्या उलटतपासणीचा रोख असतो. घटनेच्या वेळी घरी आलेल्या कॅथीने जे पाहिले त्याचा अर्थ तिला लागलेला नसतो; तिची गोंधळलेली साक्षही आरोपीच्या पथ्यावर पडते. ज्युरी त्याला निर्दोष ठरविते. क्रिसचे काम कमी होते. पुढे एका छायाचित्रणाच्या ठिकाणी गॉर्डन कॅथीला एकटी गाठून तिच्यावरही अत्याचार करतो. हे कळताच, जाहिरातीसाठी घातलेल्या झगझगीत लाल पोशाखातच क्रिस बंदूक उचलते आणि वाहनतळावर त्याला गोळ्या घालते. दुसऱ्या खटल्यात ती निर्दोष सुटते.

कायदेशीर पार्श्वभूमी

चित्रपटाचा विषय त्या वेळी अमेरिकेत ऐरणीवर होता. बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या कृत्यापेक्षा तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्याचीच चौकशी होते, हे स्त्री-संघटनांचे म्हणणे विधिमंडळांपर्यंत पोहोचले होते. मिशिगन राज्याने १९७४ साली आपला कायदा बदलला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तक्रारदार स्त्रीचे पूर्वीचे लैंगिक संबंध संमतीचा पुरावा म्हणून पुढे आणण्यावर निर्बंध घातले. असा आरोप करणे सोपे आणि खोडून काढणे अवघड असते, म्हणून स्त्रीची साक्ष सावधपणे तपासावी, अशी सूचना तोपर्यंत न्यायाधीश ज्युरीला देत असत. ती सक्तीची राहणार नाही, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. सुसान ब्राउनमिलर यांचा बलात्काराच्या इतिहासावरील ‘अगेन्स्ट अवर विल’ हा ग्रंथ याच वर्षी प्रसिद्ध झाला.

‘लिपस्टिक’मधील खटला या सुधारणांनंतरच्या कॅलिफोर्नियात घडतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नव्या कायद्याने पूर्वीच्या संबंधांची चर्चा रोखली, तरी स्त्रीचा व्यवसाय आणि पोशाख यांच्या वाटेने तिचे चारित्र्य पुन्हा न्यायालयात आणता येते, हे चित्रपट दाखवितो. छायाचित्रासाठी दिलेली संमती आणि शरीरासाठी दिलेली संमती या दोन गोष्टी एकच आहेत, असे ज्युरीला पटवून देण्यात वकील यशस्वी होतो. चित्रपटाचा गाभा हाच आहे.

टीका व वाद

समीक्षकांनी चित्रपटाचे स्वागत केले नाही. त्यांचे आक्षेप मुख्यतः तीन होते. पहिला आक्षेप अत्याचाराच्या प्रसंगाच्या चित्रणावर होता. हा प्रसंग दीर्घ आहे, आणि पीडितेच्या यातनेबरोबरच तिच्या देहाचे प्रदर्शनही कॅमेरा घडवितो, असे म्हटले गेले. दुसरा आक्षेप शेवटावर होता. न्यायव्यवस्थेतील दोष दाखवून झाल्यावर चित्रपट बंदुकीचा आधार घेतो आणि उपस्थित केलेला प्रश्न अर्ध्यावर सोडतो, असा त्याचा आशय होता. अल्पवयीन मुलीला अत्याचाराची दुसरी बळी दाखविण्याच्या औचित्याविषयीही प्रश्न विचारले गेले. तिसरा आक्षेप थेट मार्गो यांच्यावर होता. त्यांचा आवाज, संवादफेक आणि चेहऱ्यावरील भाव यांवर कठोर शब्दांत टीका झाली.

या तिसऱ्या आक्षेपात एक विसंगती होती. मॉडेल असलेल्या स्त्रीचे म्हणणे न्यायालय गंभीरपणे घेत नाही, ही चित्रपटाची तक्रार. मार्गो यांच्या वाट्याला आलेल्या टीकेचाही बराचसा भाग मॉडेलला अभिनय कोठून येणार या गृहीतकावर उभा होता. मात्र त्यांच्या अभिनयातील उणिवा त्यामुळे नाकारता येत नाहीत. अभिनयाचे शिक्षण किंवा रंगभूमीचा अनुभव नसलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणीवर पहिल्याच चित्रपटात, कसलेल्या कलावंतांसमोर, अशी भूमिका सोपविण्याचा निर्णय निर्मात्यांचा होता. त्यांच्या नावाभोवतीचे कुतूहल हा त्या निवडीतील मोठा भाग होता. चित्रपटाला तिकीटबारीवरही अपेक्षित यश मिळाले नाही.

मॅरिएल यांच्या कामाची मात्र सर्वत्र प्रशंसा झाली. त्या वेळी त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. उत्कृष्ट पदार्पणासाठीच्या गोल्डन ग्लोब पारितोषिकाच्या नामांकनांत त्यांचे नाव आले. ते पारितोषिक ‘किंग काँग’ (१९७६) या चित्रपटासाठी जेसिका लँग यांना मिळाले. लँग याही मॉडेलिंगमधून आलेल्या होत्या. त्यांचाही तो पहिलाच चित्रपट होता आणि त्याचेही निर्माते दे लॉरेंटिसच होते. समीक्षकांनी सुरुवातीला त्यांचीही थट्टा केली आणि सुमारे तीन वर्षे त्यांचा एकही चित्रपट आला नाही. त्या काळात त्यांनी अभिनयाचा अभ्यास सुरू ठेवला. पुढे त्यांना दोनदा ऑस्कर मिळाले. मार्गो यांना अशी दुसरी संधी लाभली नाही.

हिंदी रूपांतर : ‘इन्साफ का तराजू’

बी. आर. चोप्रा यांनी १९८० साली ‘लिपस्टिक’चे कथानक भारतीय परिसरात आणले. नायिका भारतीच्या भूमिकेत झीनत अमान होत्या. त्यांची वाटचालही मॉडेलिंग आणि सौंदर्यस्पर्धा यांतून चित्रपटाकडे आलेली. १९७० साली ‘मिस एशिया पॅसिफिक’ हा किताब त्यांनी जिंकला होता. आरोपीची भूमिका राज बब्बर यांनी केली. मूळ चित्रपटातील संगीत शिक्षकाच्या जागी येथे श्रीमंत उद्योजक आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका केली. धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी पद्मिनी कोल्हापुरे यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. दोन्ही चित्रपटांत सर्वाधिक प्रशंसा धाकट्या बहिणीची भूमिका करणाऱ्या किशोरवयीन अभिनेत्रीच्या वाट्याला आली, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या प्रश्नावर आंदोलन सुरू होते. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली होती. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून संमतीचा निष्कर्ष काढण्यात आला होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालावर आक्षेप घेतला. १९८० साली मुंबईत बलात्काराविरोधी मंच स्थापन झाला आणि ठिकठिकाणी मोर्चे निघाले.

या वातावरणात ‘इन्साफ का तराजू’ला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. न्यायालयातील उलटतपासणीचे स्वरूप त्यामुळे घरोघरी चर्चेचा विषय झाले. त्याच वेळी अत्याचाराची दृश्ये प्रेक्षकांच्या वासनेला खाद्य पुरवितात, असा आक्षेप स्त्री-संघटनांनी घेतला. अमेरिकेत ‘लिपस्टिक’वर झालेल्या टीकेचीच ही पुनरावृत्ती होती. १९८३ साली भारतीय फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद आली आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरला. तक्रारदार स्त्री सामान्यतः अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखविण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम मात्र २००२ च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत कायम राहिले.

नंतरची कारकीर्द

‘लिपस्टिक’नंतर मार्गो यांना मोठ्या चित्रपटसंस्थांकडून महत्त्वाच्या भूमिका मिळाल्या नाहीत. ‘किलर फिश’ (१९७९) हा साहसपट, ‘दे कॉल मी ब्रूस?’ (१९८२) हा विनोदी चित्रपट आणि मेनाहेम गोलन दिग्दर्शित ‘ओव्हर द ब्रुकलिन ब्रिज’ (१९८४) या चित्रपटांत त्यांनी कामे केली. ‘ओव्हर द ब्रुकलिन ब्रिज’मध्ये एलियट गूल्ड त्यांच्यासोबत होते. या कामांची फारशी दखल घेतली गेली नाही.

याच वर्षांत मॅरिएल यांची कारकीर्द बहरत होती. ‘मॅनहॅटन’ (१९७९) या चित्रपटासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. बॉब फॉसी दिग्दर्शित ‘स्टार ८०’ (१९८३) मध्ये त्यांनी डोरोथी स्ट्रॅटन यांची भूमिका केली. मासिकातील छायाचित्रांतून चित्रपटांकडे वळलेल्या स्ट्रॅटन यांची १९८० साली त्यांच्या विभक्त पतीने हत्या केली होती. ज्या बहिणीला मार्गो यांनी चित्रपटसृष्टीत आणले, तिच्याशीच आता त्यांची सतत तुलना होऊ लागली. दोघींच्या संबंधांत यामुळे दुरावा आल्याचे मॅरिएल यांनी नंतर सांगितले आहे.

खासगी जीवन व आजार

एरॉल वेट्सन यांच्याशी झालेला विवाह १९७८ साली संपुष्टात आला. १९७९ साली मार्गो यांनी चित्रपट दिग्दर्शक बर्नार्ड फोशे यांच्याशी विवाह केला आणि काही काळ त्या पॅरिसमध्ये राहिल्या. आजोबांच्या जीवनावर माहितीपट करण्याचा प्रकल्प दोघांनी हाती घेतला आणि त्यासाठी बरेच चित्रीकरणही केले. हा विवाहही १९८५ साली घटस्फोटाने संपला.

१९८४ साली बर्फावर घसरताना झालेल्या अपघातात त्या जखमी झाल्या. सक्तीच्या विश्रांतीच्या काळात वजन वाढले आणि नैराश्य आले. ज्या व्यवसायात देह हेच भांडवल, तेथे वजनवाढीचा अर्थ काम बंद होणे असा होता. ब्युलिमिया हा आहारविकार त्यांना बराच काळ होता. मद्यपानाच्या व्यसनावर त्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेटी फोर्ड केंद्रात उपचार घेतले. आपले व्यसन, आहारविकार आणि अपस्मार यांविषयी त्या मुलाखतींतून मोकळेपणाने बोलत. प्रसिद्ध व्यक्तींनी असे आजार लपवून ठेवण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेता या मोकळेपणाचे मोल वेगळे ठरते.

बालपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला होता, असे त्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जाहीरपणे सांगितले. वडील आणि सावत्र आई यांनी ते मान्य केले नाही आणि त्यांच्याशी असलेले संबंध तुटले. या कथनाची न्यायालयीन शहानिशा कधी झाली नाही. पडद्यावर त्यांनी साकारलेल्या पहिल्या स्त्रीची झुंज आपल्यावर कोणी विश्वास ठेवावा यासाठी होती. सुमारे पंधरा वर्षांनी त्याच प्रश्नाला स्वतः मार्गो यांना घरातच सामोरे जावे लागले.

अखेरची वर्षे व मृत्यू

१९९० साली ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मे महिन्याच्या अंकात त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. पुन्हा लोकांसमोर येण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर ‘इनर सँक्टम’ (१९९१), ‘डबल ऑब्सेशन’ (१९९२), ‘डेडली रायव्हल्स’ (१९९३) अशा अल्प खर्चाच्या चित्रपटांत त्यांनी कामे केली. दूरध्वनीवरून भविष्य सांगणाऱ्या एका सेवेच्या जाहिरातीतही त्या दिसल्या. निसर्गातील साहसी प्रवासावर आधारित ‘वाइल्ड गाइड’ ही डिस्कव्हरी वाहिनीवरील मालिका त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. केचमच्या डोंगरांत वाढलेल्या मार्गो यांच्या मूळ आवडीशी जुळणारे असे हे काम होते.

१ जुलै १९९६ रोजी सँटा मोनिका येथील आपल्या लहानशा निवासस्थानी त्या मृतावस्थेत आढळल्या. त्यांचे वय ४२ वर्षे होते. आजोबांच्या आत्महत्येला दुसऱ्या दिवशी ३५ वर्षे पूर्ण होणार होती. औषधाच्या अतिमात्रेमुळे झालेली आत्महत्या, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये नोंदविला. कुटुंबीयांना सुरुवातीला तो पटला नाही. अपस्मारामुळे मृत्यू आला असावा, असे त्यांना वाटत होते. मॅरिएल यांनी काही वर्षांनंतर तो निष्कर्ष स्वीकारला. केचम येथील स्मशानभूमीत, हेमिंग्वे कुटुंबीयांसाठी राखलेल्या जागेत, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

मूल्यमापन

मार्गो यांचे नाव फॅशनच्या इतिहासात मुख्यतः १९७५ च्या करारामुळे घेतले जाते. नंतरच्या काळातील मॉडेलना मिळालेल्या मोठ्या मोबदल्याचा आरंभ त्यात पाहिला जातो. चित्रपटाच्या इतिहासात त्यांची नोंद बहुधा ‘लिपस्टिक’च्या अपयशापुरतीच राहिली आहे.

त्या चित्रपटाविषयीचे मत मात्र काळाबरोबर काहीसे बदलले. पीडित स्त्रीने सूड घेण्याच्या कथानकाचे अनेक चित्रपट पुढे आले. त्यांतील बहुतेकांत न्यायालय येतच नाही. ‘आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह’ (१९७८) हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांच्या तुलनेत ‘लिपस्टिक’ने खटल्याला दिलेले स्थान अभ्यासकांना महत्त्वाचे वाटू लागले. मॉडेलिंगमधून आलेल्या फॅरा फॉसेट यांनी ‘एक्स्ट्रिमिटीज’ हे अत्याचाराच्या विषयावरील नाटक १९८३ साली रंगभूमीवर आणि १९८६ साली पडद्यावर केले, तेव्हा अभिनेत्री म्हणून त्यांची दखल घेतली गेली. एखाद्या दशकापूर्वी असेच धाडस मार्गो यांनी केले होते, परंतु त्यांच्या वाट्याला उपहास आला. फॉसेट यांच्यामागे तोवर अनेक वर्षांचा कामाचा अनुभव होता, हाही फरक येथे विचारात घ्यावा लागतो.

‘लिपस्टिक’ आणि ‘इन्साफ का तराजू’ या दोन्ही चित्रपटांनी एकच अडचण समोर ठेवली. स्त्रीच्या प्रतिमेचा तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर करू नये, असे सांगणारा चित्रपट तिची प्रतिमा विकूनच प्रेक्षक मिळवू पाहतो. अत्याचाराचे गांभीर्य पोहोचवायचे, पण त्याचे दृश्य करमणुकीचे साधन होऊ द्यायचे नाही, हा पेच दोन्ही दिग्दर्शकांना पुरता सोडविता आला नाही. आजही या विषयावरील चित्रपटांची चर्चा याच मुद्द्याभोवती होते.

मार्गो यांनी आजोबांवरील माहितीपटासाठी केलेले चित्रीकरण त्यांच्या हयातीत फारसे पाहिले गेले नाही. बार्बरा कॉपल यांनी हेमिंग्वे कुटुंबातील मानसिक आजार आणि आत्महत्या यांवर ‘रनिंग फ्रॉम क्रेझी’ (२०१३) हा माहितीपट केला, तेव्हा त्यातील बराच भाग त्यांनी वापरला. त्यात मार्गो इतर कोणी लिहिलेली भूमिका न करता, स्वतःच्या शब्दांत, आपल्या घराण्याविषयी बोलताना दिसतात.

निवडक चित्रपट

लिपस्टिक (१९७६)
किलर फिश (१९७९)
दे कॉल मी ब्रूस? (१९८२)
ओव्हर द ब्रुकलिन ब्रिज (१९८४)
इनर सँक्टम (१९९१)
डबल ऑब्सेशन (१९९२)
डेडली रायव्हल्स (१९९३)